पाचशेपासून दोनपर्यंत

पाच बाय सहा फुटांचं न्हाणीघर, उंची आठ फूट. दार लावलेलं, खिडकी असलीच तर बोटभर उघडी. आत एक माणूस बाथटबवर ओणवा होऊन ब्रशने पेंट रिमूव्हर फासतोय. जुना मुलामा सुटला की तो खरवडायचा आणि टबाला नवा लेप द्यायचा, हे त्याचं रोजचं काम. डब्यातलं मुख्य रसायन आहे मिथिलीन क्लोराइड.

आता थोडा हिशेब करू. हे रसायन 100 मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला, उडून गेलं की त्याची साधारण 38 लिटर वाफ होते. त्या न्हाणीघरात हवा असते जेमतेम 6800 लिटर. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे सुमारे साडेपाच हजार भाग झाले. याला साडेपाच हजार पीपीएम म्हणतात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ ही अमेरिकी सरकारी संस्था या रसायनाच्या बाबतीत 2300 पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका मानते. शिवाय आपला आकडा निघाला तो खोलीभरच्या सरासरीचा. ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे ती आधी खाली, टबात साठते. आणि काम करणाऱ्याचं तोंड टबातच असतं.

हा हिशेब कागदावर राहिला नाही. 2010 साली मिशिगन राज्यात टबाचा मुलामा काढताना एक कामगार मेला. त्या मृत्यूची चौकशी करणाऱ्यांनी जुनी सरकारी दप्तरं चाळली, तेव्हा अशा मृत्यूंची मालिकाच हाती लागली. 2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ती प्रसिद्ध केली. 2000 ते 2011 या काळात हेच काम करताना 13 जण गेले होते. त्यांच्याजवळ सापडलेल्या डब्यांपैकी बरेचसे विमानांचा रंग काढण्यासाठी विकले जाणारे होते. विमानाचा रंग मोकळ्या, प्रचंड हँगरमध्ये काढतात. तोच डबा न्हाणीघरात आला, आणि त्याला अडवणारं वाटेत कुणीही नव्हतं.

अडवणारं कुणी का नव्हतं, हाच या प्रकरणाचा विषय आहे. माहितीची वाण नव्हती. कायदेही होते, एक सोडून चार-चार. तरीही या एका द्रावकावरचा नियम सुधारायला अर्धं शतक लागलं.

आधी रसायनाची ओळख. मिथिलीन क्लोराइड हा बिनरंगी, गोडसर वासाचा द्रव आहे. साधारण 40 अंश सेल्सियसला तो उकळतो. चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी तो उघड्या भांड्यात ठेवला तर चूल न पेटवता उकळेल. तेल, मेण, रंग, राळ, प्लास्टिक असं बरंच काही तो विरघळवतो, आणि सहजासहजी पेट घेत नाही. हा त्याचा मोठाच गुण मानला गेला, कारण रंग काढायला त्याआधी वापरली जाणारी द्रावकं भडकून आगी लागत. आगीची भीती गेली म्हणून लोकांनी त्याला ‘सुरक्षित’ ठरवलं आणि ते कारखान्यांतून थेट हार्डवेअरच्या दुकानांत पोचलं. फर्निचरवरचं जुनं पॉलिश काढणं, यंत्रांचे भाग धुणं, फोमच्या गाद्या चिकटवणं, हेअरस्प्रे, कॉफीतलं कॅफीन काढणं, औषधनिर्मिती, सगळीकडे त्याचा संचार सुरू झाला.

शरीरात ते दोन वाटांनी घात करतं. एक वाट भुलीची. वाफ जास्त झाली की डोकं हलकं होतं, तोल जातो, माणूस बेशुद्ध पडतो आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्रच थंडावतं. दुसरी वाट 1972 साली विस्कॉन्सिनमधले डॉ. रिचर्ड स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणली. ही वाफ हुंगलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात त्यांना कार्बन मोनॉक्साइड सापडला. बंद गॅरेजमध्ये चालू गाडीच्या धुराने माणसं मरतात तो हाच वायू. यकृत मिथिलीन क्लोराइडचं विघटन करतं आणि त्यातून हा वायू शरीराच्या आतच तयार होतो. रसायन चरबीत मुरून राहतं आणि हळूहळू बाहेर येतं. त्यामुळे माणूस कामावरून घरी गेला, मोकळ्या हवेत बसला, तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड काही तास वाढतच राहतो. ज्याचं हृदय आधीच कमकुवत आहे त्याला हे झेपत नाही. 1976 साली स्ट्युअर्ट यांनीच एका निवृत्त गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तळघरात बसून फर्निचरचं पॉलिश काढल्यावर त्यांना दर वेळी हृदयविकाराचा झटका येई. तिसऱ्या झटक्यात ते गेले.

अशा मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ एवढंच लिहिलं जाण्याची शक्यता दाट असते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 1980 ते 2018 या काळातले अमेरिकेतले 85 मृत्यू या रसायनाच्या नावावर मोजले. मी हा आकडा खालची मर्यादा समजतो, कारण त्यात फक्त तेच मृत्यू आहेत जिथे कुणाला तरी डब्याबद्दल विचारायचं सुचलं.

आता नियमांकडे वळू. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं खातं म्हणजे ‘ओशा’. 1971 साली, खातं नुकतंच उभं राहिलं असताना, त्याने उद्योगांनीच पूर्वी ठरवलेल्या मर्यादांची यादी एकगठ्ठा स्वीकारली. त्यात मिथिलीन क्लोराइडची मर्यादा होती आठ तासांच्या पाळीच्या सरासरीने 500 पीपीएम. पुढच्याच वर्षी स्ट्युअर्ट यांचं काम आलं. त्यातून दिसलं, की परवानगी असलेल्या या पातळीवर काम केलं तर रक्तात जितका कार्बन मोनॉक्साइड जमतो, तितका तो वायू थेट हुंगायला कारखान्यात परवानगीच नाही. एक नियम दुसऱ्याला खोटं पाडत होता. 1976 साली नायॉशने 75 पीपीएमची शिफारस केली. शिफारस फायलीत पडून राहिली.

1980च्या दशकाच्या मध्यावर उंदरांवरच्या सरकारी प्रयोगांत या वाफेने फुप्फुसात आणि यकृतात गाठी होतात असं दिसलं. 1985 साली मोटार कामगारांच्या संघटनेने ओशाकडे तातडीच्या नियमाची मागणी केली. ती फेटाळली गेली. रीतसर नियमाचा मसुदा 1991 साली आला आणि अंतिम नियम जानेवारी 1997 मध्ये. मर्यादा 500 वरून 25 पीपीएमवर आली. मागणीपासून नियमापर्यंत 12 वर्षं गेली.

एवढा वेळ लागण्यामागे केवळ सरकारी आळस नव्हता. 1980 साली बेंझिन या दुसऱ्या द्रावकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओशाची मर्यादा रद्द केली होती. रसायन घातक आहे एवढं म्हणून भागणार नाही. चालू पातळीवर धोका लक्षणीय आहे हे आधी खात्याने दाखवावं, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक मर्यादेमागे जोखमीचं गणित, उद्योगाला ते परवडेल का याचा हिशेब आणि कोर्टात टिकेल असा कागद, हे सगळं आलं. 1997च्या नियमातलं ते गणित वाचण्यासारखं आहे. आयुष्यभर 500 पीपीएममध्ये काम केलेल्या हजार कामगारांमागे 126 जणांना जादा कर्करोग होईल, असा खात्याचा अंदाज होता. 25 पीपीएमला तो हजारी साडेतीनच्या पुढे राहत होता. म्हणजे नवी मर्यादासुद्धा निर्धोक नव्हती. त्या काळात उद्योगांना यंत्रसामग्रीने आणि पैशाने जमेल असं खात्याला वाटलं, ती रेघ तिथे ओढली गेली. ‘मर्यादेच्या आत आहे’ हे शब्द आपण ऐकतो तेव्हा ही रेघ कशी ओढली जाते हे ठाऊक असलेलं बरं.

या रसायनाच्या वासाबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. मिथिलीन क्लोराइडचा गोडसर वास बहुतेकांना हवेत त्याचं प्रमाण दोन-अडीचशे पीपीएम झाल्यावर येतो. म्हणजे वास आला तेव्हा माणूस 25च्या मर्यादेच्या दहापट वाफेत उभा असतो. तोंडावर मुखवटा चढवावा म्हटलं, तर रंगकामवाले वापरतात तो कोळशाच्या डबीचा मुखवटा इथे कुचकामी ठरतो. ही वाफ थोड्याच वेळात डबीतून आरपार येते. त्यासाठी बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रबरी हातमोज्यांतून रसायन काही मिनिटांत त्वचेपर्यंत पोचतं. टब खरवडून पोट भरणाऱ्या एकट्या माणसाकडे हवेचा पंप आणि नळी कुठून असणार?

आणि हा एकटा माणूस ओशाच्या कायद्यात बसतच नव्हता. तो कायदा मालक आणि नोकर असं नातं असेल तिथेच लागू होतो. स्वतःचा धंदा करणारा माणूस त्याच्या बाहेर. घरी रविवारी कपाटाचा रंग काढणारा गृहस्थही बाहेर. त्यांच्यासाठी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग होता. त्याने 1987 साली डब्यांवर धोक्याच्या सूचना छापायला लावल्या. अन्न व औषध प्रशासनाने 1989 साली सौंदर्यप्रसाधनांतून हे रसायन हद्दपार केलं, म्हणून हेअरस्प्रेमधून ते गेलं. प्रत्येक खात्याने आपापला कोपरा झाडला. सगळ्या कोपऱ्यांच्या मधल्या जागेत, न्हाणीघरात आणि तळघरात, माणसं मरत राहिली.

ती मधली जागा व्यापू शकेल असा कायदा 1976 पासून होता: विषारी पदार्थ नियंत्रण कायदा. त्याची अंमलबजावणी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ‘ईपीए’कडे. पण तो जन्मतःच अधू होता. बाजारात आधीपासून असलेली सुमारे 62,000 रसायनं त्याने न तपासता आत घेतली. बंदी घालायची तर उद्योगावर कमीत कमी ओझं टाकणारा उपाय तोच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ईपीएवर टाकली. दहा वर्षं खपून ईपीएने 1989 साली ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली. 1991 साली पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने याच अटीवर बोट ठेवून ती बरीचशी रद्द केली. ॲस्बेस्टॉससारखं ज्याचं विष जगाला ठाऊक आहे ते जर टिकलं नाही, तर बाकीच्यांचं काय, असा धसका ईपीएने घेतला. पुढची 25 वर्षं त्या कलमाखाली जुन्या रसायनावर नवी बंदी घालण्याच्या वाटेला ती गेलीच नाही.

दरम्यान युरोपीय संघाने 2009 साली निर्णय घेतला आणि 2012 पर्यंत मिथिलीन क्लोराइडचे पेंट रिमूव्हर आधी सामान्य ग्राहकांसाठी आणि मग बहुतांश व्यावसायिकांसाठीही बंद केले. रसायन तेच होतं, पुरावेही तेच होते. फरक कायद्याच्या बांधणीत होता.

अमेरिकी कायदा बदलला 22 जून 2016 रोजी. सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांचं नाव दिलेल्या या दुरुस्तीने ‘कमीत कमी ओझ्या’ची अट काढली. धोका ठरवताना खर्चाचा विचार करायचा नाही, तो पुढे उपाय निवडताना करायचा, असं ठरलं. माझ्या मते या साऱ्या कथेतला खरा बदल हा आहे. आधी धोका किती ते बघा, मग काय परवडतं ते बघा. हा क्रम उलटा होता तोवर विज्ञानाला कायद्यात शिरायला दारच नव्हतं.

जानेवारी 2017 मध्ये ईपीएने मसुदा काढला: मिथिलीन क्लोराइडचे पेंट रिमूव्हर ग्राहकांना आणि बहुतेक व्यावसायिकांना, दोघांनाही बंद. त्याच महिन्यात सरकार बदललं आणि मसुदा थंड्या बस्त्यात गेला. तो तिथे असताना आणखी तरुण मुलं गेली. कुणी शीतखोलीच्या फरशीचा रंग काढत होतं, कुणी सायकलचा. त्यांच्या घरच्यांनी मग जे केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आया, भाऊ वॉशिंग्टनला गेले, मे 2018 मध्ये ईपीएच्या प्रमुखांना समोरासमोर भेटले, आणि दुसरीकडे दुकानांच्या साखळ्यांच्या दारात जाऊन बसले. त्याच महिनाअखेर लोव्ज या मोठ्या साखळीने हे डबे दुकानांतून काढण्याची घोषणा केली, आणि मग इतरांनीही. सरकारच्या आधी फडताळं रिकामी झाली.

नियम आला मार्च 2019 मध्ये, तोही अर्धा. ग्राहकांना विक्री बंद, व्यावसायिकांना मोकळीक. म्हणजे टबाचं काम करणारा कामगार, जिथून ही गोष्ट सुरू झाली, तोच वगळला गेला. आपलं मूल याच धंद्यात, रीतसर प्रशिक्षण घेऊन काम करताना गमावलेल्या आईला हा नियम काय वाटला असेल? ‘व्यावसायिकांना प्रशिक्षण देता येईल’ हा युक्तिवाद त्या मृत्यूंनीच खोडून काढला होता.

2020 साली ईपीएने या रसायनाचं जोखीम मूल्यमापन पूर्ण केलं आणि त्यातही अशीच एक पळवाट होती. अनेक कामांत कामगार योग्य मुखवटा आणि हातमोजे वापरतातच, असं गृहीत धरून धोका मोजला होता. कारखान्याच्या आवारात एक तास घालवलेल्या माणसालाही हे गृहीतक पटणार नाही. 2021 साली ते सोडून दिलं आणि पुढच्या वर्षी सुधारलेल्या निर्णयात तपासलेल्या 53 पैकी 52 वापरांत अवाजवी धोका आहे असं निघालं.

अखेर 30 एप्रिल 2024 रोजी नवा नियम जाहीर झाला. सर्व ग्राहकोपयोगी वापर आणि बहुतेक औद्योगिक वापर टप्प्याटप्प्याने बंद. जे मोजके वापर राहिले, उदाहरणार्थ प्रयोगशाळा, नव्या शीतकांची निर्मिती, विद्युत वाहनांच्या बॅटरीतले पडदे, संरक्षण दलांची विमानं, त्यांच्यासाठी आठ तासांची मर्यादा 2 पीपीएम आणि 15 मिनिटांची 16 पीपीएम. ती पाळता येत नसेल तर ते काम करायचं नाही. हवा मोजायची, आणि निकाल हाती आल्यापासून 15 कामकाजी दिवसांत तो कामगाराला समजेल अशा भाषेत सांगायचा. कलात्मक किंवा ऐतिहासिक मोलाचं लाकडी फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांना मे 2029 पर्यंत सवड मिळाली.

उद्योगांचे सगळे आक्षेप मी मोडीत काढणार नाही. एक आक्षेप तर इतिहासाने खरा ठरवलाय: एक विष बंद केलं की लोक दुसऱ्याकडे वळतात. 1997चा नियम आल्यावर फोमच्या गाद्या चिकटवणाऱ्या कारखान्यांनी मिथिलीन क्लोराइडचा गोंद सोडला आणि एन-प्रोपिल ब्रोमाइडचा धरला. त्याच्यावर ओशाची मर्यादाच नव्हती. काही वर्षांत नॉर्थ कॅरोलायना आणि युटामधल्या कामगारांचे पाय बधिर पडू लागले, चालताना आधार लागू लागला. ते रसायन मज्जातंतू जाळत होतं. पेंट रिमूव्हरमध्ये पर्याय म्हणून आलेलं एनएमपी हे द्रावक गर्भाला घातक ठरलं. बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर त्या मानाने बरे, पण सावकाश काम करतात. जिथे पाऊण तास पुरत असे तिथे रात्रभर थांबावं लागतं, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला तो वेळ कोण देणार, हा प्रश्न नियमात कुठेच नाही. 2024च्या नियमाला आव्हान देणारे खटले दाखल झाले ते त्याच पाचव्या सर्किटच्या न्यायालयात, जिथे 1991 साली ॲस्बेस्टॉसची बंदी कोसळली होती.

आपल्याकडे हे रसायन परकं नाही. तारापूर, कुरकुंभ, महाडच्या पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत त्याला ‘एमडीसी’ म्हणतात, आणि ते ड्रम-ड्रमाने लागतं. गोळीत त्याचा अंश 600 पीपीएमच्या वर राहता कामा नये असा औषधांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि निर्यात करणाऱ्यांना तो पाळून दाखवावाच लागतो. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन विषारी रसायनांच्या हवेतल्या कमाल मर्यादांची अनुसूची जोडली गेली. पण तो कायदा ‘कारखाना’ या व्याख्येत बसणाऱ्या जागेलाच लागू होत असे. ठराविक संख्येपेक्षा कमी माणसांचं वर्कशॉप, घरोघर जाऊन जुनं पॉलिश काढणारा एकटा कारागीर, हे इथेही बाहेरच राहिले.

एमडीसीच्या ड्रमजवळ पाळी करणाऱ्या कामगाराच्या कॉलरला वाफ मोजणारा छोटा बॅज लावता येतो, आणि तो प्रयोगशाळेत वाचून त्या दिवशी त्याने किती वाफ घेतली हे सांगता येतं. गोळीतला अंश मोजू शकणारं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र अनेक औषध कंपन्यांच्या आवारात आधीच चालू आहे. त्याच यंत्रावर बॅजही वाचता येतात. कामगार संघटनांनी पुढच्या करारात हा आकडा मराठीत, लेखी मागावा.